बोलती फेरी

८ जानेवारी

आज मास्तरांनी बोलती फेरी सोडली.

संध्याकाळी न्यूयॉर्कहून तार्हेलियाताईचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा हेच सांगितलं, तर ती म्हणते, "नूबे, एकोणतीस वर्षांची घोडी झालीस आणि म्हातारा प्रार्थना म्हणाला नाही म्हणून रडतेस?" मी रडत नव्हते. सर्दी झालीय.

तिला कसं कळणार? ती पंधराव्या वर्षी आईच्या मागोमाग गेली ती गेलीच. आम्हा शर्यतीत चालणाऱ्यांची रीत तिला ठाऊक नाही. सरावाची पहिली फेरी मास्तर शिष्याबरोबर चालतात आणि दोघं मिळून नमो मारिया म्हणतात. "नमो मारिया, कृपेने परिपूर्ण" इथपासूनचा पहिला अर्धा मास्तरांचा. "हे पवित्र मारिया, देवाच्या माते" इथपासूनचा दुसरा अर्धा माझा. त्यात भक्ती थोडी आणि हिशेब जास्त. आपला अर्धा एका दमात म्हणता आला तर चाल सावकाश आहे. मध्ये एकदा तुटला तर मध्यम. सुटे सुटे शब्दच निघाले तर जोर लागलाय. आणि नुसतं "आमेन" निघालं तर समजायचं की आडात काही उरलेलं नाही. मेदार्दो मास्तर म्हणतात, घड्याळ खोटं बोलेल, नमो मारिया बोलणार नाही.

आणि मास्तर ज्याच्याबरोबरची बोलती फेरी सोडतात त्याने बूट खुंटीला टांगायचे. तोंडाने कुणी सांगत नाही. आमच्यातल्या फाउस्तोला असंच कळलं होतं. तो आता टॅक्सी चालवतो.

आज मास्तरांनी सुरुवात केली, "नमो मारिया, कृपेने—" आणि तिथेच थांबले. म्हणाले, "तू जा पुढे." आणि बाकाकडे वळले. माझा अर्धा मी एकटीने म्हटला. अर्ध्यापासून प्रार्थना म्हणताना मूर्खासारखं वाटतं.

ताईचा फोन खरं तर दुसऱ्याच कामाचा होता. आईने माझ्या व्हिसासाठी केलेला अर्ज इतक्या वर्षांनी मंजूर झालाय. जूनमध्ये ग्वायाकीलला मुलाखत. "आता तरी ये," ताई म्हणाली. "तिथे तुझं आहे कोण?"

मास्तर आहेत, असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

२० जानेवारी

डॉक्टर पिएदादबाईंकडे चाचणी. विद्यापीठाची इमारत, दोन जिने, लिफ्ट नाही. मास्तर म्हणाले, "हो पुढे, मी सावकाश येतो." पूर्वी माझ्याआधी वर पोहोचून टोमणे मारायचे. आता माझ्याबरोबर जिना चढायचासुद्धा कंटाळा.

तोंडावर मुसकं बांधलं, नाक त्याच्या आत, आणि फिरत्या पट्ट्यावर चढवलं. बाई थोड्या थोड्या वेळाने वेग वाढवत होत्या. पडद्यावर एक रेघ, मी किती ऑक्सिजन खाते ती. वेग एक पायरी चढला की रेघही एक पायरी चढायची, अगदी आज्ञाधारक. मला वाटलं अशीच छताला लागेल. पण शेवटी बाईंनी वेग वाढवला आणि रेघ वर जायचं सोडून आडवीच झाली. मी मरत होते आणि रेघ आपली पडून राहिली होती.

"हे तुझं छत," बाई म्हणाल्या. "बसल्या जागी घेतेस त्याच्या पंधरापट. याच्यावर शरीर मागत राहतं, पण मिळत नाही. मग थोडा वेळ उसन्यावर चालतं, आणि मग थांबावंच लागतं."

"सगळ्यांचं असंच?"

"सगळ्यांचं. कुणाचं छत उंच, कुणाचं बुटकं. एवढाच फरक."

दम खाल्ल्यावर त्यांना एक गंमत सुचली. पट्टा माझ्या शर्यतीच्या वेगावर ठेवला, मला आधी चालवलं आणि मग म्हणाल्या, "आता याच वेगाने पळ."

"पळू? डॉक्टर, मी सतरा वर्षांत पळाले नाही. बस पकडायलासुद्धा नाही."

"कोणी बघत नाहीये गं."

पळाले. चर्चमध्ये शीळ घालावी तसं वाटलं. आणि रेघ खाली आली. वेग तोच, पण पळणं स्वस्त. बाई हसल्या, "बघ, या वेगाला तुझं शरीर कधीचं पळायला मागतंय आणि तू त्याला चालायला लावतेस. हट्टी बाई आहेस."

तेवढ्यात काचेच्या दारातून पाहिलं तर मास्तर बाहेरच्या बाकावर. हात गुडघ्यांवर टेकलेले, मान खाली. त्यांनी मान वर केली, मला पळताना पाहिलं आणि परत खाली घातली. बाराव्या वर्षापासून ज्यांनी एक पाय जमिनीवर ठेवायला शिकवलं त्यांच्यासमोर मी दोन्ही पाय हवेत घेऊन नाचत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीचा रस्ता नदीपर्यंत उताराचा. तिथे मास्तर चांगले बोलले, हवेबद्दल, कुणाच्यातरी गाईबद्दल. पूल ओलांडून त्यांच्या बारांकोच्या, नदीकाठच्या कड्याच्या, पायऱ्या लागल्या तशी तोंडात मिठाची गुळणी. "जा घरी," एवढंच.

१ फेब्रुवारी, रविवार

टोप्यांचा कारखाना बंद. आठवडाभर वाफेत उभं राहून गवताच्या टोप्यांना आकार द्यायचा, तेव्हा रविवारची वाट बघते. आणि रविवार आला की सोमवारची.

मका शिजवला, अंडं फोडून घातलं, ताटलीत घेतलं, अर्धं उरलं. एकटीपुरतं शिजवणं मला अजून जमत नाही. संध्याकाळी लक्षात आलं की आज आवाज काढलेलाच नाही. दुकानात मीठ आणायला गेले, मीठ घरात होतं. दुकानदारीण म्हणाली, "काय शेजारणी, परवाच नेलंस ना?" मी म्हटलं, "संपलं." खोटं बोलले, पण बोलले तरी.

१७ फेब्रुवारी

कार्निव्हल. बाल्कन्यांमधून बादल्या रिकाम्या होतायत. घरून निघाले तेव्हा कोरडी, बागेत पोहोचले तेव्हा चिंब. मास्तरांवर कुणी पाणी टाकलं नाही, त्यांना टॅक्सी परवडायला लागलीय.

बागेत कापुलीच्या झाडाखाली आता त्यांचं स्टूल असतं. तिथून शिट्टी वाजवतात. एक शिट्टी म्हणजे गुडघा वाकतोय, दोन म्हणजे दोन्ही पाय जमिनीवरून सुटतायत. पूर्वी माझ्या शेजारून चालत ओरडायचे, "नूबे, खांदे उतरव, ओझं कुणाचं वाहतेस!" सगळी बाग हसायची. शिव्यासुद्धा पूर्ण वाक्यात द्यायचे. आता उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय. शिट्टी कुत्र्याला वाजवतात, मला नाही, असं सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. सांगितलं आणि शिट्टीही बंद झाली तर?

घरी मैत्रिणी नाहीत, आई नाही, नवरा होता तो नव्हता झाला. उरलं काय तर बागेची फेरी. आणि त्यातही बोलती नाही.

९ मार्च

आज जे पाहिलं ते लिहितानाही हात तापतोय.

उशीर झाला होता. झाडाखाली मास्तर स्टुलावर, शेजारी गवतात यादिरा, ती नवी, वीस वर्षांची, लांब पायांची. आणि मास्तर तिला नमो मारिया म्हणून दाखवत होते. अख्खी, पहिला अर्धा आणि दुसरा अर्धाही, एकेक दमात, कुठे तुटायचं आणि कुठे नाही ते समजावत. स्वच्छ, खणखणीत. महिनाभरात माझ्या वाट्याला जेवढे शब्द आले नाहीत तेवढे तिला एका सकाळी.

म्हणजे आवाज आहे. घसा धड आहे. फक्त माझ्यासाठी नाही.

मी फेऱ्या सुरू केल्या. यादिरा मागून येऊन म्हणाली, "ताई, मास्तर म्हणतात, चाल शिकायची तर नूबेच्या कमरेकडे बघ." मी म्हटलं, "बघ, बघ. थोडेच दिवस दिसेल ही कंबर बागेत." बिचारीला काही कळलं नाही.

१२ मार्च

विचारलंच शेवटी. सराव संपल्यावर मास्तर पुलाकडे चढणीने निघाले होते, मी शेजारी गेले.

"मास्तर, मला सोडलंत ना?"

ते थांबले. कठड्याला हात लावला. नदीकडे बघत राहिले, उत्तर पाण्यात सापडणार असल्यासारखे. मग म्हणाले, "कोण म्हणतं?"

"मग उद्या माझ्याबरोबर फेरी म्हणा."

बराच वेळ काही नाही. मला वाटलं शब्द शोधतायत. "तुझी मुलाखत—" थांबले. "जूनमध्ये ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या ताईने." पुन्हा थांबले. "जा. आई आहे तिथे."

एवढंच. सतरा वर्षांच्या चालण्याचा निकाल कठड्यावर हात ठेवून, चार शब्दांत. मला राग यायला हवा होता. राग आलाच नाही. आतून सगळं गार झालं. मी त्यांना तिथेच कठड्याला टेकलेलं सोडून निघून आले. वळणावरून मागे पाहिलं तर तसेच उभे होते. मला वाटलं, बघा, आता खुशाल उभे राहा.

५ एप्रिल

ईस्टर. ताईला हो म्हणाले. ती फोनवर ओरडली, मग फोन आईला दिला. आई म्हणाली, "खोलीत तुझ्यासाठी पडदे लावते. कुठला रंग आवडतो तुला?" मी सात वर्षांची असताना ती गेली. मला कुठला रंग आवडतो हे तिला ठाऊक नाही, आणि विचारते आहे म्हणून रागावताही येत नाही. म्हटलं, निळा. मला निळा फारसा आवडत नाही. पहिलं सुचलं ते बोलले.

मेमधली निवड शर्यत तेवढी चालायची, मग बूट खुंटीला. पहिल्या दोघींना सप्टेंबरच्या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत जागा. मला जागेसाठी चालायचं नाहीये. मास्तरांना दाखवायला चालायचंय की काय सोडलंत ते.

१७ मे

कुठून सुरू करू?

शर्यत आपल्याच बागेच्या कडेने, नदीच्या रस्त्यावर. मास्तर लांबच्या वळणावर, स्टूल तिथेच टाकलेलं, हातात ओला स्पंज. पहिल्या काही फेऱ्यांत प्रत्येक वेळी उठून स्पंज दिला. बोलले काही नाहीत. मीही बघितलं नाही, मुद्दाम.

अर्ध्यानंतर पहिलं लाल कार्ड. थोड्या वेळाने दुसरं. तिसरं पडलं की खेळ खलास. शेवटच्या फेऱ्यांना छत गाठलं, पिएदादबाईंची आडवी रेघ डोळ्यांसमोर दिसायला लागली. शरीर म्हणत होतं, पळ ना गं, स्वस्त पडेल. एक उडी, मग दुसरी. पंच पिवळी पाटी घेऊन वाकून माझे पायच बघत होता. मी माझा अर्धा म्हणायला घेतला. "हे पवित्र", दम, "मारिया", दम. पुढे फक्त "आमेन", "आमेन", प्रत्येक पावलाला एक. पाय जमिनीला शिवून ठेवले. महाग तर महाग.

दुसरी आले. निवड झाली.

रेषेपलीकडे पडले, उठले, पदक घेतलं आणि वळणाकडे गेले. स्टूल होतं, मास्तर नव्हते. यादिरा चौथी आली होती, नाक पुसत उभी. "मास्तर मघाशीच गेले, ताई. म्हणाले, घरी पोहोचायला वेळ लागतो."

वेळ लागतो. पाय आपटत निघाले. पदक त्यांच्या दारात टाकायचं, चार गोष्टी ऐकवायच्या आणि यायचं, असं ठरवूनच. शब्दही जुळवले होते.

बारांकोच्या पायऱ्यांवर, मध्यावर, मास्तर बसलेले होते. शेजारी संत्र्यांची पिशवी.

"मास्तर, दुसरी आले."

"माहीत", दम, "आहे." दम. "लाऊडस्पीकर."

मी तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं. ते कठडा धरून उठले. एक पायरी चढले, दुसरी, आणि तिसरीवर थांबले. खांदे कानापर्यंत, ओठ निळसर, मानेची शीर तटतटलेली. ही सगळी चिन्हं मी ओळखते, त्यांनीच शिकवली आहेत मला. माणूस छताला लागला की असा दिसतो. मी विसाव्या किलोमीटरला जिथे होते तिथे ते तिसऱ्या पायरीवर होते. त्यांची रेघ तिथेच आडवी झाली होती.

आणि मग सगळं एकदम उलगडत गेलं. स्टुलावर बसून अख्खी प्रार्थना. उतारावर गाईच्या गोष्टी. सपाटीवर अर्ध्यात तुटलेलं "कृपेने—". पुलाच्या चढणीवर चार शब्द. जिन्यावर एकही नाही. मेले, मी चार महिने त्यांची नमो मारिया ऐकत होते आणि हिशेब केला नाही. फक्त रुसत होते.

त्यांना माझा चेहरा वाचता आला असणार. मला रडू फुटायच्या आत काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, "गुडघा वाकतोय, मास्तर. लाल कार्ड."

ते हसले. ते हसणं त्यांना फार महागात पडलं. कठड्याला धरून उभं राहावं लागलं बराच वेळ.

वर पोहोचायला किती वेळ लागला ठाऊक नाही. घरात कोपऱ्यात सिलिंडर उभं होतं, नळी खुंटीवर, आमच्याकडे बूट टांगतात तशी. खुर्चीत बसल्यावर, नाकाला नळी लावल्यावर, हळूहळू त्यांची वाक्यं परत आली.

"फुप्फुसं कडक झाली आहेत. लहानपणी सिनिंकायच्या वीटभट्ट्या फुंकल्या, त्या आता वसूल करतायत. पिएदादबाईंनीच नोव्हेंबरात सांगितलं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"राहिले असते."

"म्हणूनच." त्यांनी संत्रं सोलायला घेतलं. "राहायचं तर चालण्यासाठी राहा. नाहीतर आईकडे जा. माझं सिलिंडर ओढायला राहायचं नाही. ते मला आवडणार नाही."

"मला वाटलं तुम्ही मला सोडलंत. बोलती फेरी—"

मास्तर थांबले, संत्रं हातातच. खरंच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं ते. इतकी वर्षं रीत पाळणारा माणूस, त्याला एकदाही सुचलं नाही की त्याच्या गप्प बसण्याचा मी हाच अर्थ लावणार. "वेडी आहेस," म्हणाले. "मला लाज वाटत होती. तुझ्यासमोर तुटायची."

मी संत्रं खाल्लं. पदक खिशातच राहिलं. निघताना ते टेबलावर ठेवून आले.

३० मे

आईला फोन केला, ताईला टाळून. म्हटलं, सप्टेंबरची स्पर्धा आहे, मी येत नाही. मुलाखत रद्द. आई म्हणाली, "पडदे शिवून झाले होते." मी म्हटलं, "आई, मला निळा आवडत नाही, हिरवा आवडतो." ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." एवढंच बोललो, पण आजवर आम्ही बोललो त्यात हेच खरं. फोन ठेवल्यावर मात्र खूप रडले. सर्दी वगैरे काही नव्हती.

नंतर ताईचा फोन आला. तिने काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाली, "म्हातारा मेल्यावर कोण आहे तुझं तिथे?"

प्रश्न तसाच इथे उतरवून ठेवला.

११ जून

आज ग्वायाकीलला माझी खुर्ची रिकामी राहिली असेल.

सकाळी मास्तरांच्या दारात गेले. बाजारात बायका भाजीला वापरतात ती दोन चाकांची गाडी आणली होती. सिलिंडर तिच्यात बरोबर बसलं, दोरीने आवळलं. मास्तर गाडीकडे बघून म्हणाले, "काय सांगितलं होतं मी?"

"चालण्यासाठीच राहिलेय. हे मधे येतं म्हणून ओढतेय."

टॅक्सी फाउस्तोची. त्याने पैसे घेतले नाहीत, मास्तरांकडे आरशातून बघत राहिला फक्त.

बागेत उतरलो. मी गाडी डाव्या हाताने ओढत, मास्तर उजवीकडे, नळी नाकाला. इतकं हळू मी आयुष्यात चालले नव्हते. पोटऱ्या दुखल्या त्या हळूपणाने. एक म्हातारी बाई कुत्रं घेऊन आमच्या पुढे गेली. यादिरा फेरी मारून शेजारी आली, पाहिलं, वेग कमी केला आणि मग मास्तरांनी हाताने हाकललं तशी पुढे निघून गेली.

कापुलीच्या झाडाशी मी सुरू केलं. "नमो मारिया, कृपेने परिपूर्ण, प्रभू तुझ्याबरोबर आहे." त्यांचा अर्धा पहिल्यांदाच माझ्या तोंडून येत होता, अवघडल्यासारखं झालं. मग माझा अर्धा, "आम्हां पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर." हा अर्धा मी लहानपणापासून म्हणत आलेय. आज त्यातले शब्द ऐकू आले आणि आवाज तुटला, दम असूनही.

मास्तरांनी थांबून श्वास घेतला. मी थांबले. चाकं थांबली.

"आमेन," ते म्हणाले.

फेरी अजून अर्धी बाकी होती. मी गाडीची मूठ धरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.